दोन हजार दोनशे चौदा ओळी

४ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

खुशाली दादाच्या तोंडून कळते, तेव्हा सरळ कामाचं लिहिते. मागच्या सुट्टीत आपलं जे झालं त्यानंतर तू फोनवर येत नाहीस. मी फोन केला की दादा म्हणतो, ती जरा कामात आहे, आणि मागून टीव्हीचा आवाज येत असतो. म्हणून हे पत्र.

दादाने मला तुझ्या प्रोग्रामची फाइल पाठवली. तू कॉम्प्युटरच्या क्लासला जातेस हे ऐकून खरंच बरं वाटलं. शब्द ओळखण्याचा खेळ निवडलास तेही ठीक. कॉम्प्युटरने एक शब्द धरायचा, पडद्यावर तेवढ्या रिकाम्या चौकटी मांडायच्या, खेळणाऱ्याने एकेक अक्षर सांगायचं आणि सहा वेळा चुकलं की डाव संपला. शिकायला लागलेला जवळपास प्रत्येक माणूस हा खेळ लिहितो. मीही लिहिला होता. साठ-सत्तर ओळींत होतो. तुझ्या फाइलीत दोन हजार दोनशे चौदा ओळी आहेत. मला आधी वाटलं, दादाने चुकून तुमच्या हॉस्पिटलचं काहीतरी पाठवलं.

नीट पाहिलं तर तुझे शब्द चाळीस, आणि त्या चाळीस शब्दांसाठी तू एकच खेळ चाळीस वेळा पहिल्यापासून लिहिला आहेस. अगं, जे सगळ्यांना सारखं आहे ते एकदाच लिहायचं, त्याला नाव द्यायचं आणि लागेल तिथे नावाने बोलवायचं. त्याला फंक्शन म्हणतात. क्लासमध्ये शिकवलं नाही का? नावं तरी काय, डबा एक, डबा दोन, थेट डबा चाळीस. कोणत्या डब्यात काय आहे हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

असो. रविवारी सकाळी बसले आणि जेवणाच्या आत सगळं स्वच्छ केलं. शहाण्णव ओळी झाल्या. छापून सोबत पाठवते आहे, हाच दे परीक्षेत. इथे ऑफिसात माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणाचं काम पुढे सरकत नाही, तेव्हा काळजी करू नकोस. आभार वगैरे मानत बसू नकोस, घरचंच काम आहे.

तुझी नणंद

---

११ फेब्रुवारी

वन्सं,

पाकीट पोचलं. पहिल्यांदा तुमच्या दादांची हजेरी घेतली. तिला फक्त बघायला दिलं होतं, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या बहिणीला नुसतं बघता येतं का कधी? मागच्या सुट्टीत तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातही फक्त बघायलाच शिरला होतात. संध्याकाळी मी कामावरून येते तर डबे उंचीप्रमाणे लावलेले, आणि मीठ सापडायला मला दोन दिवस लागले. फोनवर मी येत नाही, कारण फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. कागदावर मध्ये बोलता येत नाही. तेव्हा आता शेवटपर्यंत ऐका.

मी हौसेने शिकत नाहीये. तेवीस वर्षं मी ऑपरेशनच्या हत्यारांचे ट्रे लावते. हत्यारं वापरून आली की धुवायची, वाफेच्या मशीनमधून काढायची, आणि कोणत्या ऑपरेशनला काय लागतं ते मोजून ट्रेमध्ये लावायचं. एक एप्रिलपासून ट्रे कॉम्प्युटरवर लागणार आहेत. क्लासची परीक्षा जो पास होईल तो ट्रे लावायच्या टेबलावर राहील. बाकीच्यांनी तळघरात जाऊन चादरींच्या घड्या घालायच्या. घड्या घालणाऱ्या बायांना मी कमी लेखत नाही, पण ते टेबल मी कोणाला देणार नाही.

परीक्षा चोवीस मार्चला आहे. स्वतः लिहिलेला एक लहान प्रोग्राम न्यायचा. बाहेरचे परीक्षक येतात, कुठल्याही ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, ही कशासाठी? मग एखादा बदल सांगतात, तो त्यांच्यासमोर करून दाखवायचा. माझ्या चाळीस शब्दांत चाळीस हत्यारांची नावं आहेत. नव्या मुली कामावर येतात तेव्हा त्यांना पकड कोणती आणि चिमटा कोणता ते कळत नाही, खेळता खेळता पाठ होईल म्हणून केलं.

आता तुमच्या फंक्शनचं. आमच्याकडे प्रत्येक ट्रेचं आपलं कार्ड असतं, आणि त्या कार्डावर त्या ट्रेची अख्खी यादी असते. ‘बाकी आधीच्या कार्डाप्रमाणे’ असं लिहायला सक्त मनाई आहे. माझ्या आधीच्या एका बाईंनी वेळ वाचवायला तसं लिहिलं होतं. ज्या कार्डाकडे बोट दाखवलं ते कोणीतरी मध्ये बदललं, आणि पेशंटचं पोट उघडल्यावर ट्रेमध्ये रक्त थांबवायची पकड नव्हती. सुदैवाने दुसरा ट्रे जवळ होता. त्या दिवसापासून आम्ही सगळं लिहितो, प्रत्येक वेळी, पहिल्यापासून. चाळीस शब्द, चाळीस कार्डं. मूर्खपणा नाही तो, शिस्त आहे.

माझ्या दोन हजार दोनशे चौदापैकी कोणत्याही ओळीवर बोट ठेवा, मी उत्तर देईन. तुमच्या शहाण्णवपैकी तिसऱ्याच ओळीवर मी अडकले. त्या परत पाठवते आहे. घडी होती तशीच पुन्हा घातली आहे.

तुमची वहिनी

ता. क. तेवीस वर्षं तुम्ही मला तू म्हणता आणि मी तुम्हाला तुम्ही. त्याचं काही नाही. पण मोठी मी आहे, हे एकदा लिहून ठेवते.

---

१८ फेब्रुवारी

वहिनी,

मी अर्धा दिवस घालवून केलेलं काम तू घडीसकट परत पाठवलंस. ठीक आहे. परीक्षेवर एवढं अवलंबून आहे हे दादाने सांगितलं नव्हतं, नाहीतर मी जास्तच नीट केलं असतं.

तुझ्या कार्डांची गोष्ट वाचली आणि पटलीही, पण ट्रेपुरती. तू मला चुकीचं ठरवलंस म्हणून मी गप्प बसणार नाही, हे माझं काम आहे आणि ते मला येतं. चाळीस ठिकाणी तेच लिहिलं की चाळीस ठिकाणी चूक करायची सोय होते. चालतो म्हणून प्रोग्राम चांगला असं नसतं. उद्या तो बदलायची वेळ आली, तर माणूस शांतपणे बदलू शकतो की घामाघूम होतो, त्यावरून कळतं.

परीक्षक बदल सांगणार, असं तूच लिहिलं आहेस. मग आजच कर. खेळणाऱ्याला चुकायच्या सहा संधी आहेत, त्या आठ कर. एवढंच. घड्याळ लावून बस, आणि झालं की तुमच्यातल्या कोणाला तरी सगळे चाळीस शब्द खेळायला बसव. माझ्या शहाण्णव ओळींत हा बदल एका आकड्याचा आहे. तुझं काय होतं ते मला खरं खरं कळव.

नणंद

---

३ मार्च

वन्सं,

खरं खरं लिहिते, कारण खोटं लिहिलं तर तुम्हाला वासावरून कळेल.

सहाचे आठ करायला मला तीन दिवस लागले, पाळी संपल्यावर रोज दोन-दोन तास. प्रत्येक शब्दाच्या तुकड्यात तो आकडा दोनदा येतो: एकदा खेळणाऱ्याला सांगताना की तुमच्याकडे इतक्या संधी आहेत, आणि एकदा मोजताना. म्हणजे ऐंशी ठिकाणं. सगळी झाली असं समजून मी आमच्या टेबलावरच्या चष्मेवालीला जेवणाच्या सुट्टीत खेळायला बसवलं. ती आमच्यात सगळ्यांत धाकटी, आणि तिच्या तोंडाला फाटक नाही. एकोणतीस शब्द नीट झाले. तिसावा होता सुईपकड, म्हणजे टाके घालताना सुई धरायचा चिमटा. पडद्यावर आठ संधी लिहिलेल्या, आणि सहाव्या चुकीला डाव संपला. ती म्हणाली, ताई, तुमचा कॉम्प्युटर लबाड आहे. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. यादी मी केलेली, तपासलेली मी, आणि ट्रे अपुरा निघाला.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. पुढे वाचा.

त्या दिवशी धुण्याच्या खोलीत उभी होते. तिथे भिंतीवर एक मोठी पाटी रंगवलेली आहे: धुवा, सुकवा, तपासा, मोजा, बांधा. तेवीस वर्षं रोज बघते. ही पाच कामं कुठल्याही ट्रेच्या कार्डावर लिहिलेली नसतात. सगळ्या ट्रेंना ती सारखीच, म्हणून एकदाच, भिंतीवर. कार्डावर फक्त त्या त्या ट्रेचं सामान. पाटीत बदल झाला तर पेंटर येतो आणि एकदाच रंगवतो, आणि तो बदल खोलीत येणाऱ्या सगळ्यांना दिसतो. म्हणजे शिस्त माझी बरोबर होती, मी भिंत विसरले होते. कार्डावर भिंत चाळीस वेळा उतरवून काढत बसले होते.

तेव्हा आता मी प्रोग्राम पुन्हा लिहिणार. सामान एकीकडे, भिंत एकीकडे. तुमचा नाही, माझा. परीक्षेला एकवीस दिवस आहेत. मी विचारेन तेवढंच सांगायचं. एकही ओळ लिहून पाठवायची नाही.

पहिला प्रश्न. मी शब्द लिहिताना अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडते, म्हणजे काना-मात्रा अक्षरापासून तुटत नाहीत. सगळे शब्द एकाच यादीत घातले तर ती जागा तशीच राहील का? हो किंवा नाही.

तुमची वहिनी

---

८ मार्च

वहिनी,

हो.

हे एका शब्दाचं उत्तर लिहायला मला किती त्रास झाला ते तुला सांगून उपयोग नाही. भिंतीची गोष्ट मी तीनदा वाचली. वीस वर्षं नव्या लोकांना मी फंक्शन शिकवत आले, इतकं सरळ मला कधी सांगता आलं नाही. हे कबूल करते आणि विषय संपवते.

आता तू विचारलं नाहीस तरी एक सांगते. तुकड्याचं नाव ‘भिंत’ ठेवू नकोस. नावावरून काम कळलं पाहिजे. ‘डाव_खेळव’ असं काहीतरी ठेव. आणि खेळणाऱ्याने एकच अक्षर दोनदा सांगितलं तर तुझा प्रोग्राम त्याची दोन्ही वेळा संधी कापतो, ते बरोबर नाही. त्यासाठी चारच ओळी लागतात. खाली लिहून देते आहे. फक्त चार आहेत, एवढ्याने काही होत नाही.

नणंद

---

१४ मार्च

वन्सं,

सोबत तुमच्या चार ओळी. कात्रीने कापून काढल्या, वाचल्या नाहीत. पत्राला भोक पडलं आहे, बाकीचं पत्र ठेवून घेतलं.

एकच अक्षर दोनदा, याचा मात्र मी विचार केला नव्हता. मी तो चुकीचा हिशेब दोन दिवस शोधला आणि सहा ओळींत बसवला. तुमच्या चारात होत असेल. माझ्या सहा आहेत आणि त्या मला येतात.

सध्या प्रोग्राम एकशे त्रेचाळीस ओळींचा आहे. शब्द एका यादीत, तिचं नाव कपाट. शब्द काढणारा तुकडा, चौकटी दाखवणारा, अक्षर तपासणारा, संधी मोजणारा, आणि या सगळ्यांना क्रमाने हाक मारणारी भिंत. नाव भिंतच राहणार. सहाचे आठ करून पाहिले. एक आकडा. मग दहा केले, मग चार केले. गंमत म्हणून केलं हो, घरात कोणी नव्हतं.

आणखी एक. तुमच्या दादांच्या पोटात काही राहत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्या हाताखालच्या माणसांनी वर लिहून दिलं आहे म्हणे, की आमचं काम यांना दाखवणार नाही. जानेवारीपासून तुमच्या नजरेखालून काहीच जात नाही म्हणे. मला तुम्ही फेब्रुवारीत उलटं लिहिलंत. मी टोमणा मारत नाहीये. एवढंच विचारते, त्यांचं काम परत देताना त्यात त्यांचं म्हणून काही शिल्लक ठेवलं होतंत का?

तुमची वहिनी

---

१९ मार्च

वहिनी,

दादाशी मी आठवडाभर बोलणार नाही.

खरं आहे. सहा जणांनी सह्या करून दिलं. मी ज्यांना हाताला धरून शिकवलं ते सहा जण. त्यांनी काम आणून दिलं की मी ते घरी नेऊन सकाळपर्यंत नीट करून द्यायचे. नीट म्हणजे खरंच नीट, वहिनी, त्यात खोट नाही, आणि ते मी आजही छाती ठोकून सांगेन. त्यांच्यातल्या एकाने साहेबांसमोर सांगितलं, ‘सकाळी उघडतो तेव्हा प्रोग्राम चांगला असतो, पण मला तो वाचावा लागतो.’ मला वाटलं, कृतघ्न माणूस. आता मी एका कोपऱ्यात बसते, मला एकटीला करायची कामं देतात आणि चहाला कोणी हाक मारत नाही. तुझी फाइल आली तेव्हा महिनाभरात मला कोणी काही दाखवलं नव्हतं. म्हणून मी तिच्यावर तुटून पडले. तुला मदत करायची होती हेही खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

माफी मागायला मी लिहीत नाही. मला अजून वाटतं की वाईट लिहिलेलं दिसत असताना गप्प बसणं हा गुन्हा आहे. पण तू त्या चार ओळी कापून पाठवल्यास, त्या मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवल्या आहेत.

चोवीस तारखेला काय होतं ते लगेच कळव. आणि भिंत हे नाव वाईटच आहे.

नणंद

---

२५ मार्च

वन्सं,

पास झाले नाही. नापासही झाले नाही. मध्येच लटकले आहे, आणि माझं डोकं इतकं तापलं आहे की अक्षर नीट येत नाही, सांभाळून घ्या.

परीक्षक सभ्य गृहस्थ. त्यांनी अकरा ओळींवर बोट ठेवलं, अकराही ओळींची मी उत्तरं दिली. मग बदल सांगितला, की हरलेल्या माणसाला तोच शब्द आणखी एकदा खेळू द्या. चार मिनिटांत केला. तिथेच फिसकटलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्या हातांकडे पाहिलं. वाफेने आणि औषधी साबणाने माझे हात कसे झालेत ते तुम्ही पाहिलंत. क्लास किती महिने केला, विचारलं. पाच, म्हटलं. ते म्हणाले, पाच महिन्यांत असं कोणी लिहीत नाही. इतर बायकांचे प्रोग्राम आठशे, हजार ओळींचे होते, सगळे गुंतवळ, आणि त्या सगळ्या पास झाल्या. माझा स्वच्छ निघाला म्हणून माझ्या कागदावर त्यांनी एक शब्द लिहिला: शंका.

तुम्हाला हसू येत असेल. दोन हजार दोनशे चौदा ओळी घेऊन गेले असते, तर कोणी शंका घेतली नसती.

आमच्या मोठ्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. समजूतदारपणे म्हणाल्या, वाद घालू नका, सहा महिने तळघरात काढा, पुढच्या वेळी पुन्हा बसा, तुमचं टेबल कुठे जात नाही. टेबल जात नाही हे मलाही माहीत आहे, त्याच्याशी उभी राहणारी बाई जाते. मी परत परीक्षकांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. म्हटलं, ‘कोरा पडदा द्या. तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्या ओळीपासून लिहिते. जमलं नाही तर चादरींच्या घड्या घालायला आजच जाते.’

एकतीस मार्च, सकाळी दहा, दोन तास. कागद नाही, वही नाही, कोणी सोबत नाही. तुम्ही येऊ नका. फोन करू नका. आणि कुठे काही लिहू नका. तुम्हाला ओळखते म्हणून लिहिते आहे.

तुमची वहिनी

---

२८ मार्च

वहिनी,

उशीर झाला तुझ्या पत्राला. म्हणजे दादाने आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं आणि मी त्या परीक्षकांना तीन पानी पत्र लिहून टाकलं होतं. माझा हुद्दा, माझी वीस वर्षं, तुझी सगळी पत्रं पुरावा म्हणून जोडायची तयारी. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. मग तुझं पत्र आलं. फाडलं ते. तिकीटसुद्धा काढून घेतलं नाही, राग होता म्हणून.

राग तुझ्यावर नाही. माझ्या हुद्द्याच्या आधारावर तू पास झालीस तर त्यांचंच म्हणणं खरं ठरेल, एवढं मला फाडता फाडता कळलं. आधी कळायला हवं होतं.

मंगळवारी त्या सहांपैकी एकजण, तोच साहेबांसमोर बोललेला, माझ्या कोपऱ्याशी आला. त्याचा प्रोग्राम अडला होता. मला पडद्यावर चूक पहिल्या नजरेत दिसली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, खरंच सांगते, आणि विचारलं, तुला काय वाटतं, कुठे असेल? पाऊण तास लागला त्याला. पाऊण तास, वहिनी. मला घाम फुटला. त्याने केलेली दुरुस्ती मी करणार होते त्याहून वेगळी होती, आणि माझ्याइतकी चांगली नव्हती, पण चालते. मी तसं त्याला सांगितलं नाही.

एकतीसला दहा ते बारा मी फोन बंद करून ठेवणार आहे, म्हणजे मलाच लावायचा मोह नको. तू लिहिशील. मला माहीत आहे तू लिहिशील.

नणंद

---

२ एप्रिल

वन्सं,

मी टेबलावर आहे. काल सकाळी सातच्या पाळीला पहिला ट्रे कॉम्प्युटरवर मीच लावला. आता बाकीचं सावकाश सांगते.

क्लार्कच्या खोलीत बसवलं. परीक्षक माझ्या उजवीकडे खुर्ची टाकून बसले, मोठ्या सिस्टर दाराशी उभ्या. कोरा पडदा बघून पहिली पाच मिनिटं मला एक अक्षर आठवेना. मग मनात म्हटलं, नव्या मुलीला धुण्याची खोली दाखवताना आपण कुठून सुरुवात करतो? भिंतीपासून. आधी चारही हाका लिहून टाकल्या, मग एकेक तुकडा भरत गेले. ते जुनं दोन हजार ओळींचं बाड मला दोन तासांत काय, दोन महिन्यांत पुन्हा लिहिता आलं नसतं. आणि तुमच्या शहाण्णव ओळी पाठ करून गेले असते तर पहिल्याच अडचणीला उघडी पडले असते.

अडचण आलीच. चालवून पाहिला तर डाव संपेचना. चुकीचं अक्षर द्या, तो आपला पुढचं मागतोय. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी पडद्याला हात लावला नाही, वरून खाली एकेक ओळ बोटाने वाचत गेले, ट्रे मोजतात तशी. संधी मोजणाऱ्या तुकड्यात एक कमी करायचं राहिलं होतं. घातलं. चालला. एक तास चाळीस मिनिटं झाली होती. परीक्षकांनी स्वतः तीन शब्द खेळून पाहिले आणि सुईपकडीला हरले.

मग म्हणाले, बाकी सगळं उत्तम, फक्त ‘भिंत’ हे नाव बदला, तुमच्यानंतर येणाऱ्याला कळणार नाही. मी सांगितलं की माझ्यानंतर इथे येणारी बाई रोज त्या पाटीसमोर उभी राहणार आहे, तिला कळेल. त्यांनी नावाचे दोन गुण कापले. मी म्हटलं, कापा. आणि ‘शंका’ या शब्दावर त्यांनी माझ्यासमोर रेघ मारली, शेजारी सही केली.

शेवटी एक फॉर्म होता. त्यात एक रकाना आहे, मदत कोणाची घेतली. सगळ्या बायका तिथे रेघ ओढतात, कारण मदत लिहिली की गुण जातात अशी भीती असते. मलाही सिस्टर खुणेने रेघच ओढा म्हणत होत्या. परीक्षकांनी विचारलं, कोणी होतं का? मी म्हटलं, ‘माझी नणंद. तिने सगळं लिहून दिलं होतं, ते मी परत पाठवलं. मग तिने काहीच लिहून दिलं नाही, आणि ते तिला फार जड गेलं.’ त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, लिहा तसं.

लिहिलं. तुमचं पूर्ण नाव, नातं, आणि पुढे जसं बोलले तसंच. फॉर्म हॉस्पिटलच्या फाइलीत गेला, आता तो कायमचा तिथे राहणार. तुम्हाला विचारलं नाही. चिडायचं असेल तर खुशाल चिडा, मी तो बदलणार नाही.

तुमची वहिनी